प्रोटीनच्या कॉलमला मिथेनॉल

“कॉलम गेला म्हणे. त्या इंग्लिशवालीनेच घालवला असणार.”

पॅन्ट्रीच्या दाराशी मी कप धरून उभी होते. आत हशा झाला. इंग्लिशवाली म्हणजे मी, इंग्रजी माध्यमात शिकलेली. चहा न घेताच लॅबमध्ये परत आले.

अंबडच्या एका औषध कंपनीत मी ॲनालिस्ट आहे. आमच्या एका औषधाचे रेणू दोन प्रकारचे असतात, उजव्या-डाव्या हातमोज्यांसारखे. उपयोगाचा एकच. दुसरा किती उरलाय, ते प्रत्येक बॅचला तपासावं लागतं. साध्या कॉलममधून दोन्ही एकदमच बाहेर पडतात. म्हणून हा खास कॉलम: पेनाएवढी स्टीलची नळी, आत सिलिकाचे बारीक कण आणि त्यांवर पक्कं बसवलेलं प्रोटीन. ते एका प्रकाराला जास्त वेळ धरून ठेवतं. मग स्क्रीनवरच्या आलेखात दोन वेगळी टोकं दिसतात.

त्या सकाळी एकच टोक आलं, बसकं आणि रुंद. तीनदा चालवलं. तीनदा तेच.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी युसूफभाईंनी त्या कॉलमला मिथेनॉलची बाटली लावली होती. युसूफभाई कॉन्ट्रॅक्टवरचे टेक्निशियन, वीस वर्षं मशीन सांभाळणारे. बाकीचे कॉलम ते शिफ्ट संपताना मिथेनॉलनेच धुतात, आणि ते बरोबरही आहे. प्रोटीनला मात्र नुसतं मिथेनॉल सोसत नाही. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसं त्याचं होतं. कॉलमसोबतच्या इंग्रजी पत्रकात पहिल्याच पानावर हे होतं. लॅबमध्ये ते फक्त मी वाचलं होतं.

“बेटा, तू निघ. आज हा मी धुऊन ठेवतो,” ते म्हणाले होते.

मी बाटलीकडे पाहिलं. ज्यांनी मला सिरिंज धरायला शिकवलं, त्यांना मी काय सांगणार? त्यांना माहीत असेलच, असं धरून मी बॅग उचलली. लॅबमध्ये असं काही धरून चालायचं नसतं.

आमचे हेड देवरे सर यांनी विचारलं, तेव्हा युसूफभाई लगेच म्हणाले, “मीच लावली, साहेब. रोज लावतो तशी.”

“हा रोजचा कॉलम होता का? नवा यायला दीड महिना. बॅच अडकली ना! उद्यापासून येऊ नका.”

माझ्यावरचा संशय गेला. मला हायसं वाटलं, हे खरं आहे.

डबा पिशवीत टाकताना युसूफभाई मला म्हणाले, “दोन नंबरचा पंप गळतोय, बेटा. ध्यान ठेव.”

दुपारी सरांनी मला रिपोर्टला बसवलं. काय चुकलं, कोणाकडून आणि का, ते त्यात लिहायचं असतं.

“टेक्निशियनची चूक, लिही. बाटली लावताना कोणी पाहिलं होतं? तिथे ‘नाही’ टाक.”

“सर...”

“आता काय? त्यांचं गेटचं कार्डसुद्धा बंद झालंय.”

तो रकाना रिकामाच होता. माझे हात कीबोर्डवरून खाली आले.

“मी पाहिलं होतं, सर. पत्रकही वाचलं होतं. मी बोलले नाही.”