वाकड्या आकड्यांचे आबा

आबांना भागाकाराच्या चिन्हाची तिडीक होती. प्रोग्रॅमच्या कागदावर ती तिरकी रेघ दिसली की लाल पेन्सिल आलीच. "बाई, चौकटीनं भागत न्हाईत!" एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण चिडला की तोंडातून त्यांचं गाव, कामशेत, बाहेर पडायचं. आणि माझ्यावर ते दिवसातून चारदा तरी चिडत.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. लोणावळ्यात पुलांची गणितं करणारी आमची छोटी कचेरी होती. मी बी.एस्सी. होऊन वडगावहून रोज यायची आणि आबांच्या हाताखाली प्रोग्रॅम लिहायची. जुना प्रोग्रॅम तुळईच्या दर सांध्याला एकच आकडा धरायचा. पण पुलाच्या सांगाड्यात सांधा सरकतो, दबतो आणि वळतोही. म्हणून आबांनी ठरवलं की जिथे एक आकडा होता तिथे तीन ओळी, तीन रकाने अशी नऊ आकड्यांची मॅट्रिक्स बसवायची. तिला ते चौकट म्हणत. मी म्हटलं, "आठवड्यात होईल." आबा नुसते हसले. त्या आठवड्याला सहा महिने लागले.

"आकडा एकटा जीव, कुठूनही घरात शिरतो. चौकट म्हणजे कुटुंब. आधी कोण, मागून कोण, हे बघावंच लागतं," आबा म्हणत. म्हणजे दोन आकडे कसेही गुणा, उत्तर एकच; पण चौकटींचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि भागाकाराची तिरकी रेघ तर क्रम सांगतच नाही. मला काय हे कळत नव्हतं? कळत होतं हो! पण दर ओळीवर बोट ठेवून "आधी कोण?" विचारणाऱ्या माणसाशेजारी सहा महिने बसून बघा.

चाचणीचा तर नुसता जाच. सात, उणे तीन, अकरा असले अडनिडे आकडे घ्यायचे आणि टेबलावरच्या हाताच्या गणकयंत्राची मूठ फिरवून पानंच्या पानं पडताळायची. "सरळ माणसाची काय परीक्षा घेता? वाकड्याची घ्या." मूठ फिरवणार कोण? मी! दंड भरून यायचे.

संगणक मुंबईत. प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी शिपाई गाडीनं नेई, उत्तर तिसऱ्या दिवशी येई. एक कार्ड चुकलं की तीन दिवस पाण्यात. शेवटी कचेरीच्या साहेबांनी बजावलं, "आता दोनच फेऱ्या. एक चाचणीची, एक खऱ्या पुलाची. नाही जमलं तर जुनीच पद्धत." महिनाअखेर आबा निवृत्त होणार होते. जाण्याआधी प्रोग्रॅम चाललेला बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या चाचणीला माझा धीर सुटला. चौकटींच्या तिरप्या ओळीत मी एक, दोन, तीन असे सोपे आकडे घातले, बाकी सगळी शून्यं. अशा चौकटी कशाही गुणल्या तरी उत्तर तेच येतं आणि क्रमाची चूक लपते, हे कंटाळ्यापुढे मला सुचलं नाही. उत्तर आलं, दहा मिनिटांत जुळलं. आबा पुलाच्या आकड्यांत बुडालेले. "झाली?" "झाली." त्यांनी पडताळणीखाली सही केली.

पुलाचं उत्तर आलं तेव्हा भाराखालचा सांधा चक्क वर उचललेला! साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी," आबा म्हणाले. मी चाचणीची फाईल मिटून खणात ठेवली.

शेवटच्या दिवशी त्यांनी चूक शोधली. एकाच ओळीत दोन चौकटींची अदलाबदल, मीच केलेली. नवं कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "लावा जागेवर." लावलं. पण फेऱ्या संपलेल्या, ते चालवणार कुठे? पेटी कपाटात गेली.

दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी संगणकावर वेळ मिळाला, त्यात मी ती पेटी घुसवली. वाकडे आकडे घालून चाचणी घेतली. अगदी जुळली. मी कागद घेऊन तडक कामशेतला आबांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा चढवला आणि पहिलं काय विचारावं? "चाचणीला आकडे कोणते?"

असा संताप आला! "वाकडेच, आबा! सोपे तेव्हा घेतले होते. चूक माझी होती."

"ठावं हाय. पुलाचं उत्तर आलं त्याच दिवशी फाईल उघडली की मी."

"मग साहेबांपुढे बोलला का नाहीत?"

आबांनी कागदाची घडी घातली. "सही माझी होती खाली. न बघता केलेली. घाई मलाबी झालती, बाई."