साडूंच्या पोटातले जंतू

जंतूंचा संपूर्ण पराभव मानवजातीने आजवर एकाच ठिकाणी केला होता, आणि ते ठिकाण म्हणजे आमच्या थोरल्या साडूंचे पोट. निदान साडूंचे म्हणणे तसे होते, आणि कळंब्यात त्यांच्या गोठ्यावर बसून ते खोडण्याइतका आवाज कुणालाच नव्हता. रस्त्यावर पडलेले भजे ते उचलत, फुंकर मारत आणि खात. धार काढलेला हात धोतराला पुसून त्याच हाताने भाकरी मोडत. नव्वदच्या दशकात आम्ही हौसेने पाण्याचा फिल्टर आणला, तर त्यातले पाणी पिऊन त्यांनी तोंड वाकडे केले. "पावणं, मेल्यालं पाणी हाय हे. आमच्या पोटात इस्तू हाय. जंतू आत गेला की जळून खाक!" या विस्तवावर ते स्वतःच वर्षानुवर्षे ॲसिडिटीच्या गोळ्या टाकत होते, ही गोष्ट ते सिद्धान्तात धरत नसत.

शेवटी त्या विस्तवानेच आत जखम केली, जठराचे खालचे तोंड आवळत गेले आणि ऑपरेशन ठरले. सर्जन शांतपणे म्हणाले, "काका, पोटातलं ॲसिड जंतू मारतं, हे तुमचं खरं आहे. पण गोळ्या खाऊन तुम्ही ॲसिडच मारलंत, आणि अन्न आत साचून कुजतंय. जठर कापताना तिथले जंतू बाहेर सांडले तर जिवाशी गाठ आहे." म्हणून नाकातून नळी घालून जठर धुणे सुरू झाले आणि तोंडाने काही द्यायचे नाही, अशी ताकीद मिळाली. साडूंना जिवापेक्षा अपमान झोंबला. "माझ्या पोटात? जंतू?"

ऑपरेशनच्या सकाळी नळीतून स्वच्छ पाणी आत गेले आणि पांढरा रस्सा बाहेर आला. वेलदोड्याच्या वासाने सगळा वॉर्ड उठून बसला. आदल्या संध्याकाळी त्यांची थोरली बहीण, आक्का, गारगोटीहून एष्टीत मांडीवर किटली धरून आली होती. आमच्याकडे आजाऱ्याला तांबडा रस्सा कुणी देत नाही. पांढरा मात्र पथ्यात मोडतो. "खाल्लं कुठं त्येनं? पिलंय की नुसतं," आक्कांनी सिस्टरला समजावले. ऑपरेशन पुढे गेले, धुणे पुन्हा पहिल्यापासून. मी चिडलो, तेव्हा साडू जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. "आईमागं तिनंच भरवलंय मला. न्हाय कसं म्हणायचं, पावणं? आन् उलटंसुलटं झालं तर म्हशींचं बघा."

उलटेसुलटे झाले, पण थोडक्यात निभावले. ऑपरेशननंतर टाके पिकले, ताप चढला, पू तपासायला गेला. आक्का दारातच रडायला लागल्या, "माझ्या रश्शानं झालं का रं?" साडू उशीवरून गरजले, "छ्या! माझ्या पोटात जंतू जगत्यात व्हय? ह्ये दवाखान्यातलं हाईत. बाहेरचं!" बरे होऊन आल्यावर कित्येक वर्षे हे त्यांनी गोठ्यावर बसून साऱ्या कळंब्याला ऐकवले. आम्ही हसायचो.

पुढे साडू गेले, झोपेतच, पोटाची काहीही तक्रार न करता. बाराव्याला आक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ पदर चाळवत राहिल्या. "पावणं, ते जंतू दवाखान्यातलंच हुतं न्हवं?"

"व्हय की, आक्का."

दवाखान्यात त्या दिवशी आक्का रडत दारात यायच्या आधीच डॉक्टर पुवाचा रिपोर्ट घेऊन येऊन गेले होते. जंतू साडूंच्याच पोटातले आहेत, असे त्यांनी साडूंना माझ्यासमोर सांगितले होते.