सायबुआताईचा नवस

सायबुआताई बोलायला लागली की नदीपलीकडच्या बायका मान वर करून बघतात. यात तिचा दोष नाही. जन्मभर उखळात चुना कांडला की कानांत दुसरं काही शिरत नाही, आणि आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून माणूस ओरडतं. हे मी तिच्या माघारी सांगते. तोंडावर मात्र 'हळू बोल, बये, मेलेल्यांना उठवशील' असंच म्हणते. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून वड्या भाजते नि विकते, ती ताडगुळात चुना कालवते. ताडगूळ दोघींचा एकाच दुकानातून येतो, आणि चांगली ढेप कुणी आधी उचलली यावरून आमची पुष्कळ भांडणं झाली आहेत.

थायलंडातल्या आमच्या पेत्चबुरीत विहारांवर जे देव, नाग आणि ज्वालांच्या वेली दिसतात, ते सगळं चुन्याचं. चुना, बारीक वाळू, ताडगूळ, सरस. सगळं उखळात घालून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत कांडायचं. मग कारागीर तो गोळा घेऊन परांचीवर चढतो आणि वाळायच्या आत बोटांनी देव उभा करतो. लोक लांबून येतात, माना मागे टाकून फोटो काढतात. खाली उखळाशी कोण बसलंय ते कुणी बघत नाही, आणि बघावं असं सायबुआताईलाही कधी वाटलं नाही. घामेजलेल्या बाईचा फोटो कशाला, म्हणते.

तिचा नवरा लुआन हा त्या कामातला मोठा माणूस. हात सोन्याचा, तोंड शिवलेलं. उखळातला चुना चिमटीत धरून बघायचा आणि म्हणायचा, "अजून." बास. सायबुआताई सांगते, लग्नानंतर तो माझ्याशी एवढंच बोलला. तो गेला तेव्हा चितेवर कागदी फुलं ठेवताना ती म्हणाली, "आता पुरे हं." सगळं स्मशान ऐकत होतं. कुणी हसलं, कुणी रडलं. मी दोन्ही केलं.

त्यांना एकच मुलगा, तान. बापाचा हात जसाच्या तसा उतरलेला. पण बाप शिकवायचा तो बांबूच्या पट्टीनं. वेल चुकली की पट्टी बोटांवर. पोरगं कधी उलटून बोललं नाही की रडलं नाही. त्या घरात तान आहे की नाही हे कळायला आत जाऊन बघावं लागायचं. मला ते कधीच बरं वाटलं नाही, आणि मी ते बोललेही. लुआन हसला नाही, रागावलाही नाही. पट्टी तेवढी चालूच राहिली.

लुआन गेला तो मोठ्या विहाराचं काम अर्धवट टाकून. छपराखालच्या त्रिकोणात डावीकडे देवांची अख्खी रांग हात जोडून उभी, उजवीकडे कोरी भिंत. विहारातले थोरले भंते म्हणाले, तान पुरं करील. तान म्हणाला, आधी बाबांसाठी एक वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खूचं चीवर घालतो. याहून चांगलं काय असतं? सायबुआताईनं स्वतःच्या हातानं त्याच्या केसांची पहिली बट कापली. गल्लीभर जेवण झालं. पोरगा भिक्खू झाला की आई त्याच्या चीवराचं टोक धरून स्वर्गात जाते असं आम्ही मानतो. सायबुआताई महिनाभर अशी चालत होती की जणू ते टोक आत्ताच हातात आलंय. नमस्कार करताना पोराला 'भंते' म्हणायची, आणि तो तिला 'उपासिका आई' म्हणायचा. मला हसू आवरायचं नाही.

वर्षावास संपला. बाकीची पोरं जीन्स घालून घरी आली आणि मोटारसायकली उडवायला लागली. तान आला नाही. पौर्णिमा गेली, अमावास्या गेली. सायबुआताईनं त्याच्या कामासाठी ठेवलेली चुन्याची भिजवण तीनदा बदलली.

मग एके दिवशी मला म्हणाली, "चल, विहारातल्या काळ्या बुद्धांच्या मूर्तीकडे जाऊन येऊ." मला वाटलं, गुडघ्यांसाठी काही मागायचं असेल. तिनं कमळं वाहिली, उदबत्त्या लावल्या, सोन्याचा वर्ख मूर्तीच्या गुडघ्याला चिकटवला आणि हात जोडून, तिच्या समजुतीप्रमाणे मनातल्या मनात, म्हणाली, "भगवान, माझ्या तानला चीवर उतरवायची बुद्धी द्या. तो घरी आला की प्रयोंगच्या नाचमंडळीकडून नवसफेडीचा दिवसभराचा चात्री नाच तुमच्यापुढे करवीन!"

सगळी माणसं वळून बघायला लागली. एका म्हातारीच्या हातातली उदबत्ती खाली पडली. मी ताईच्या दंडाला धरून तिला पायऱ्यांवर आणलं.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? बुद्धांना सांगतेस, एक भिक्खू कमी करा म्हणून?"

"मग कुणाला सांगू? नगराध्यक्षाला?"

"पाप लागेल, पाप!"

"लागू दे. त्यांनीही घर सोडलं होतं ना? मागं राहिलेल्यांचं काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?" असं म्हणून तिनं बाहीनं नाक पुसलं. मला हे कुठून ठाऊक असणार? माझ्या तिन्ही मुली गल्लीतच नांदतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे तान भिक्षेच्या फेरीत तिच्या दाराशी आला. आमच्याकडे बातम्या भिक्षापात्रातूनच फिरतात, त्यामुळे त्याच्या कानावर सगळं गेलंच असणार. तिनं भात वाढला, त्यानं नजर खाली ठेवून आशीर्वाद म्हटला. वळता वळता म्हणाला, "उपासिका आई, उद्या दुपारच्या आत विहारात या. लमाई मावशींना सोबत आणा." लमाई म्हणजे मी.

ताई त्या दिवशी काही खाईना. "उतरवणार तो. नक्की उतरवणार. नाहीतर बोलावलं कशाला असतं?" तिनं त्याची जुनी चटई उन्हात टाकली. सकाळी त्याच्या आवडीचा बांगडा तळला, डबा भरला, आणि आम्ही निघालो.

विहाराच्या मागच्या अंगणात शिरलो तर कुणीतरी हसत होतं. साधंसुधं नाही. पोट धरून, उचकी लागल्यासारखं. ताई थबकली.

"कोण गं ते?"

विहारातल्या एका कुत्र्यानं थोरल्या भंतेंचा आंघोळीचा पंचा दोरीवरून ओढून पळवला होता. दोन तरुण भिक्खू त्याच्यामागे धावत होते, आणि तिसरा चिंचेला टेकून हसत होता. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. तो तान होता. मी त्याला बाळपणापासून ओळखते, आणि त्याला एवढे दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्याला आई दिसली, आणि हसू बंद झालं. लगेच. खांदे आत ओढले गेले, मान खाली गेली, आणि चिंचेखाली तेच पोरगं उभं राहिलं जे बापाच्या पट्टीसमोर बसायचं. मी ताईकडे बघितलं. तिनंही ते बघितलं होतं.

आम्ही झाडाखाली बसलो. त्यानं पुढं कापड पसरलं, तिनं त्यावर डबा ठेवला.

"नवसाचं कानावर आलं," तो म्हणाला.

"कोण मेलं चुगली करतंय?"

"आपणच. थोरल्या भंतेंच्या खोलीपर्यंत ऐकू आलं."

मी चिंचेच्या शेंगा मोजायला लागले. मग तो सावकाश म्हणाला, "उपासिका आई, इथं राहावं असं माझ्या मनात आहे. पण आपल्याला रडवून राहण्यात पुण्य नाही. आपण 'ये' म्हणा, या पौर्णिमेनंतर मी चीवर उतरवतो. बाबांची रांग पुरी करीन. कुरकुर करणार नाही."

झालं! मागितलेलं सगळं समोर आलं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश. आणि आमची ताई, जिचं तोंड झोपेतही मिटत नाही, तिनं जमिनीवरचं एक पान उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"रात्री झोप लागते?" तिनं विचारलं.

"लागते."

"लगेच?"

"पाठ टेकली की."

घरी तो कितीतरी वेळ जागा पडून असायचा, हे भिंतीपलीकडून मलासुद्धा माहीत होतं.

ताईनं काहीतरी म्हटलं. इतकं हळू की मी शेजारी असून मला कळलं नाही.

"काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

"राहा म्हटलं!" ती ओरडली, आणि चिंचेवरचे कावळे उडाले. "राहा, तान... राहा, भंते. आणि बांगडा गरम आहे तोवर खा. म्हणजे, ग्रहण करा. जे काय म्हणतात ते करा."

त्यानं मान वर केली. त्याला तिचे हात धरायचे होते, हे मला दिसत होतं. भिक्खूला बाईला शिवता येत नाही, मग ती आई का असेना. त्यानं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. ताईनं तीनदा डोकं जमिनीला टेकवून नमस्कार केला आणि उठली. पुलावर येईपर्यंत तिनं दम धरला. तिथं कठड्याला टेकून ती जी रडायला बसली, ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. माझ्या वड्या त्या दिवशी भट्टीत जळल्या. जळू देत.

मग गल्लीत वाद सुरू झाला. पोरगा परत आला नाही, म्हणजे नवस फळला नाही. मग नाचाचा खर्च कशाला? बायकांनी मला निवाडा विचारला. मी तोंड उघडायच्या आत ताई उखळाशी बसल्या बसल्या म्हणाली, "त्यांनी दिलं होतं गं. माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मीच घेतलं नाही. नाच द्यायलाच हवा." भिंतीची उजवी बाजू आता दुसऱ्या गल्लीतला कारागीर करतो आहे. त्याच्या देवांची नाकं ताईला पसंत नाहीत, आणि हे ती त्याला परांचीखालून रोज कळवते.

नाचाच्या दिवशी विहाराच्या अंगणात मांडव उभा राहिला. प्रयोंग तोंडाला पांढरा रंग लावून, मुकुट चढवून तयार झाली. नाच सुरू करण्याआधी नवस कुणाचा आणि काय मिळालं ते गाऊन सांगायची रीत आहे. तिनं ताईला विचारलं, "ताई, काय मिळालं म्हणून गाऊ?"

"म्हण, सायबुआनं पोरगा परत मागितला. मिळाला. तिनं पुन्हा देऊन टाकला."

"बये, आत्ताच रंग लावला होता गं," प्रयोंग म्हणाली आणि डोळे टिपायला आरशाकडे गेली.

अंगणाच्या कडेला भिक्खूंच्या कुट्या आहेत. भिक्खूंनी नाच बघायचा नसतो, म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. तानची खिडकी चिंचेच्या बाजूची. ताई मांडवात माझ्या शेजारी बसली, नव्या कोऱ्या लुंगीत, हात मांडीवर. ढोलकीवाल्यानं दोन थापा मारून बघितल्या आणि विचारलं, "ताई, आवाज बरोबर आहे ना?"

"जोरात वाजव," ती म्हणाली. "खिडकी बंद आहे."