कमळानं कधी न पाह्यलेला पयला अंक

आमच्या कमळानं बावीस वर्षं गावच्या मंडईतलं नाटक पाह्यलं, पन पयला अंक एकदाही पाह्यला नाई. मंडई, म्हनजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, आली का घरी पंचवीस पाहुने. सकाळपासून वडे तळा, मटन शिजवा, चुलीवरून भाताचे गंज उतरवा, आल्या-गेल्याले वाढा, मंग भांडे घासा. ते आवरून पदराले हात पुसत ती मंडपात जाये तवा दुसरा अंक सुरू होऊन राहे. मांगं उभी राहून ती आपल्या पोरीले, रोशनीले विचारे, "सुरुवात काय झाली वं?" रोशनी दोन शब्दात सांगे. कमळा म्हने, बस, समजलं मले.

औंदा रोशनीनं मायले कबूल केलं होतं, चूल मी पाहीन, तू पयल्यापासून बसजो. पन आखाडात कमळाले ताप आला आन् आठ दिवसात ती गेली. तवापासून तिचा नवरा दादाजी मुकाच झाला. तळ्यावर जाये, मच्छी आने, आंगनात जाळं शिवत बसे.

रोशनी सिंदेवाहीले कालेजात, बी.ए. फायनलले. मंडई शनिवारी आन् सोमवारी पयला पेपर. दुःखाचं घर म्हनून पाहुने थांबते थोडीच. गोकुळा आत्या, म्हनजे दादाजीची मोठी बहीन, दोन दिवस आधीच आली आन् म्हने, पेपर आहे त नाटकाचं नाव नोको घेऊ, पाहुन्याचं पाह्य आन् मंग अभ्यास कर.

रोशनी म्हनाली, "आत्या, चुलीपाशी बसलं त पेपर बुडत नाई, नाटकात बसलं तवाच बुडते काय?"

रोशनीनं मनात पक्कं केलं होतं. मायच्या वाटचा पयला अंक औंदा आपन पाहाचा. दसऱ्यापासून पाचाले उठून तिनं अभ्यास उरकवला होता, एक विषय तेवढा रविवारसाठी ठेवला.

शनिवारी दुपारी तिच्या मैत्रिनी दिव्यानी आन् उर्वशी बसनं आल्या. पिशवीत पुस्तकं बी होते. एक वडे थापे, दुसरी तळे, आन् मधातच एकमेकीले प्रश्न विचारे. चुकली त तिच्या वाट्याचा वडा दुसरीनं खावा. उर्वशीले एकही वडा भेटला नाई.

चार वाजता रोशनी मंडपात गेली आन् मायच्या लुगड्यांची वाकळ दुसऱ्या रांगेत जागा धराले आंथरून आली. मंग आंगनात पाहुन्याइच्या समोर उभी झाली.

"साडेआठले चूल विझते. ज्याले जेवाचं त्यानं आधी जेवून घ्यावं. उशिरा येईन त्यानं हातानं घ्यावं, आन् आपलं ताट आपन घासावं."

मुखरू मामा म्हने, "हे पोट्टी कालेजात शिकून राह्यली का पोलीस ठान्यात?" सारे हासले, पन पानी पिऊन पयल्या पंगतीले मामाच बसला.

आत्याले राग आला. "कमळानं कधी असं केलं नाई."

"नाई केलं," रोशनी म्हनाली, "म्हनून तिले पयला अंक मालूम नाई."

बरोबर साडेआठले ती चुलीवर पानी माराले गेली, आन् दारात जीप थांबली. अहेरीकडचे सात पाहुने, सकाळपासून रस्त्यानं, उपाशी. आत्यानं रोशनीकडे पाह्यलं. रोशनीच्या हातातला गडवा तसाच राह्यला. उपाशी मानसाले टाकून जाची कशी? तिकडे मंडपात पयली घंटी झाली.

दादाजीनं जाळं बाजूले ठेवलं. उठला. जिंदगीत त्यानं कोनाले वाढलं नव्हतं.

"तू जा बाई," तो म्हने. "मी वाढतो. भात कुठी ठेवला तेवढं सांग."

"कोपऱ्यातल्या मोठ्या गंजात, बाबा. मटन झाकलं हाये."

तिघी पळाल्या त्या वल्ल्या हातानंच. तिसरी घंटी झाली तवा वाकळीवर टेकल्या. पेटी वाजली, पडदा वर गेला. मंचावर एक सून उंबरठ्यावर उभी राहून आपल्या धन्याची वाट पाहे. मंग हास्यनट आला, धोतर सावरता सावरता सासऱ्याच्या पाया पडाले गेला आन् सासऱ्याचीच काठी घेऊन पडला. दिव्यानीचं हासून पोट दुखलं. गान्यावर उर्वशीनं शिट्टी मारली, मांगचे पोट्टे चूप. रोशनी हासे, पन डोळा हालू देत नव्हती. एक बी गोष्ट सुटाले नोको.

दुसरा अंक लागला आन् कोनी तरी वाकळीच्या कोपऱ्यावर येऊन बसलं. दादाजी होता, दुपट्ट्याले हात पुसत. बोटाले हळद लागली होती. जराशानं तो वाकला.

"सुरुवात काय झाली वं?"

रोशनी त्याच्याजवळ सरकली. मंग तिनं सांगतलं, उंबरठ्यापासून, सगळं. दादाजी आयकत राह्यला. आमच्या कमळाले इतकं पुरं कोनी सांगतलं नव्हतं.

नाटक पाहाटे सुटलं, म्हनून रविवारी ती दुपारपर्यंत झोपली, मंग ठेवलेला विषय घेऊन बसली. सोमवारी पयल्या बसनं पेपराले गेली. डबा दादाजीनं भरून देला. भात जरा चिकट झाला होता.