चैत्रगौरीला थंड चहा

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, वरचे सगळे दात एका उन्हाळ्यात काढावे लागले. दातांचं त्यांना विशेष दुःख नव्हतं. पण शेवटचा दात काढून झाल्यावर मल्लेश्वरमच्या दंतवैद्यानं हात धुता धुता सांगितलं, "स्वल्प दिवस बिसी एनू बेडा. गरम काही घ्यायचं नाही." तेव्हा मात्र अण्णांचा चेहरा उतरला. गरम नाही म्हणजे चहा नाही.

नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी कॉलेजात होते आणि घरात आम्ही तिघंच. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. घरातल्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं, जेवणात सारू-भात, शेजारीपाजारी सगळे फिल्टर कॉफीवाले. आपण अजून मराठी उरलोय याचा अण्णांकडे एकच पुरावा होता, तो म्हणजे चहा. उकळून उकळून काळपट केलेला, ठेचलेल्या आल्याचा, आणि इतका गरम की दुसऱ्याची जीभ सोलून निघावी. करायची अर्थात आई. अण्णा बशीतून पहिला घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "साखर कमी आहे." लग्न झाल्यापासून रोज हेच. आई साखर वाढवत गेली तरी वाक्य बदललं नाही.

चहा बंद झाल्यावर अण्णांनी आमचा छळ मांडला. उपाशी वाघ परवडला असता, त्याला निदान दात असतात. दातांशिवाय त, द, स ही अक्षरं अण्णांच्या तोंडातून नुसती वाफ होऊन निघत. "तो दंतवैद्य दरोडेखोर आहे," असं ते वारंवार सांगत आणि आम्हाला कळे फक्त "आहे." आईनं नेहमीचा चहा निववून दिला. त्यावर जाड साय आली. ती बघून अण्णांनी पेला असा दूर सारला, जणू त्यात पाल पडली होती.

जयनगरला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे मी थंड चहा प्यायले होते. तिच्या परदेशातल्या मामानं डब्यातून आणलेली भुकटी होती ती, पाण्यात ढवळायची. आपल्या चहापत्तीतून हे जमायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. आईसारखीच मी पत्ती खळाखळा उकळली, गाळली, ते पाणी तसंच गरम फ्रिजमध्ये ठेवलं, आणि थंड झाल्यावर साखर घातली. साखर तळाशी जाऊन बसली. वरचं पाणी गढूळ आणि कडूजहर झालं होतं.

आईनं चमचाभर चाखलं. "हे पाजलंस तर जीभही काढावी लागेल," ती म्हणाली. मग पदर खोचून पुढे आली. "पत्ती उकळायची कशाला? दूध नाही तर एवढा कडूपणा झाकणार कोण?"

तिनं उकळतं पाणी पत्तीवर ओतलं, झाकण ठेवलं, आणि चहाला तांबूस रंग येताच गाळून घेतलं. साखर गरम असतानाच विरघळवली. पातेलं फ्रिजमध्ये न ठेवता ओट्यावर आपोआप निवू दिलं. म्हणून चहा गढूळला नाही. घरात काळी द्राक्षं होती, इकडची, जाड सालीची आणि बियांनी भरलेली, जी अण्णांना दात असतानाही खाता यायची नाहीत. ती तिनं कुस्करून गाळणीतून दाबून काढली. निवलेल्या चहात मोसंबीचा रस, थोडं लिंबू, चुरगळलेली पुदिन्याची पानं आणि शेवटी तो द्राक्षांचा रस. लिंबू पडताच चहाचा रंग फिकट झाला आणि द्राक्षांनी तो जांभळा केला. मी ट्रे आपटून बर्फ काढला.

"दूध कुठाय?" अण्णांनी विचारलं. "दू" ऐकू आला नाही, पण ओळखता आला.

"यात दूध नसतं, अण्णा."

"मग हा चहा नाही."

"मग राहू दे," आई म्हणाली आणि तिनं स्वतःच पेला तोंडाला लावला. दुपारची वेळ, वीज गेलेली. बेंगळुरात पंखा लागत नाही असं अण्णा जन्मभर सांगत आले होते, पण त्या दुपारी त्यांचा बनियन पाठीला चिकटला होता. ते आईच्या पेल्याकडे बघत राहिले. मग हात पुढे केला. संध्याकाळपर्यंत पातेलं रिकामं झालं.

चार दिवसांत थंड चहाचा शोध अण्णांनीच लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्यावर प्रवचन देत. आणि एका सकाळी, मी जन्मल्यापासून प्रथमच, ते स्वयंपाकघरात शिरले. "तुम्हाला दोघींना प्रमाण कळत नाही," म्हणाले. आईला त्यांनी बाहेर व्हरांड्यात पाठवलं. आत भांडी पडल्याचे आवाज येत राहिले. "गाळणी कुठाय?" "साखर कुठाय?" आई जागची हलली नाही. शेवटी ते स्वतः पेला घेऊन बाहेर आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

आईनं घोट घेतला.  "साखर कमी आहे," ती म्हणाली.

मी पळत आत गेले आणि उशीत तोंड खुपसून हसले. अण्णा मात्र साखरेचा डबा घेऊन आले.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. "पन्हं सगळेच देतात," अण्णांनी जाहीर केलं. "यंदा थंड चहा." आई आधी चिडली, मग म्हणाली, "सरी, बरंय, करा. पण सगळं तुम्ही करायचं." आई पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसली आणि अण्णांनी सकाळपासून मोठ्या पिंपात तयारी केली. आंब्याच्या डाळीशेजारी गौरीपुढेही त्यांनी पेला ठेवला. गौरीनं तक्रार केली नाही. तिचा चहाशी कधी संबंध आला नव्हता.

बायकांना मात्र ते सरबतच वाटलं. "केवढा छान रंग!" म्हणत हळदीकुंकवाला आलेल्या माझ्या म्हाताऱ्या आत्यांनी दोन-दोन पेले घेतले. शेजारच्या कन्नड बाईंनी तर सासूबाईंसाठी तांब्या भरून नेला. कुणी विचारलं नाही आणि अण्णांनी, शोधाचं गुपित राखायचं म्हणून, सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी शेजारच्या बाई फाटकात उभ्या. डोळे तारवटलेले. "अक्का, कालच्या सरबतात काय होतं? आमच्या अत्ते, सासूबाई हो, रात्रभर जाग्या. पहाटेपर्यंत लग्नातली सगळी भांडणं मला सांगून झाली."

दुपारपर्यंत आत्यांचेही निरोप आले. एकीनं रात्रीत कपाट आवरलं होतं. दुसरी सगळी स्तोत्रं संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. आयुष्यात चहाला न शिवलेली एक तर हृदयाचे ठोके मोजत देवाची वाट बघत बसली होती.

अण्णांनी आईकडे बघितलं. "तू सांग ना त्यांना."

"मी व्हरांड्यात होते," आई म्हणाली.

अण्णांना घरोघरी जाऊन, बिनदातांच्या तोंडानं, तो चहा होता हे सांगावं लागलं. एका आत्याला ते कळेना. तिनं तीनदा "काय?" विचारलं, आणि मग कृती मागून घेतली.

पुढे कवळी आली. गरम चहा सुरू झाला. पहिल्या दिवशी अण्णा टेबलाशी बसून हाका मारत राहिले. आई पेपरमधून मान वर न काढता म्हणाली, "आलं खालच्या टोपलीत आहे."  अण्णा उठून स्वयंपाकघरात गेले, आणि थोड्या वेळानं आतून दूध उतू गेल्याचा वास आला.