चाळणीजवळची बाई

माझ्या आईवर तिच्या विशीत चोरीचा आळ आला होता. बाळापूरच्या अलीकडे, नदीकाठी तिचं माहेर. गावाला लागून पांढऱ्या मातीची एक टेकडी आहे, कुठल्यातरी जुन्या वस्तीची. तिथं पुरातत्त्वाचे साहेब लोक दोन हिवाळे खोदायला आले होते आणि गावातल्या बाया रोजानं माती चाळायला जायच्या. आई त्यांतलीच एक. दुसऱ्या हिवाळ्यात ताटात ठेवलेली एक वस्तू गायब झाली आणि आईला कामावरून काढून टाकलं. हे मला मावशीनं सांगितलं, मी दहावीत असताना, मेथी निवडता निवडता. आई स्वतःहून कधी बोलली नाही.

मीही तिला कधी विचारलं नाही. कारण खरं सांगायचं तर, तिनंच ती घेतली असेल असं मला वाटायचं. गरिबाघरची वीस वर्षांची मुलगी, समोर ताटात काहीतरी देखणं. घेतली असेल बिचारीनं. मी मनातल्या मनात तिला माफ करून टाकलं होतं आणि त्या माफीचा मला थोडा अभिमानही होता. मी गणित शिकवते. पुराव्याशिवाय काही मानू नका, असं पंचवीस वर्षं पोरांच्या डोक्यावर आदळत आले. आईच्या बाबतीत मात्र मी पुरावा मागितलाच नाही.

गेल्या मे महिन्यात आईचा गुडघा बदलला. ती अकोल्याला एकटी राहते आणि माझ्याकडे अमरावतीला यायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. अकोल्याकडचं खारं पाणीसुद्धा तिला गोड लागतं. डॉक्टरांनी सहा आठवडे अमरावती सोडू नका म्हटलं, तेव्हा कुठं नाइलाजानं राहिली. सकाळ-संध्याकाळ वॉकर धरून अंगणात फेऱ्या. मधली दुपार मात्र आम्हा दोघींच्या अंगावर यायची. बाहेर ऊन मी म्हणत असे, घरात कूलर घरघरत असे, आणि ती मला संसार कसा करायचा हे शिकवत असे. त्या शिकवणुकीपासून जीव वाचवायला मी लॅपटॉपवर खेळ उघडून बसले, हे मी कबूल करते.

खेळ असा होता. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, वाळवंटात उत्खनन चाललंय. खड्डे, तंबू, उंट. सापडलेल्या वस्तूंच्या ताटातून निळ्या दगडाचा एक भुंगा नाहीसा होतो, अंगठ्याच्या नखाएवढा. तुम्ही गुप्तहेर. जागोजागी कोडी सोडवायची, माणसांशी बोलायचं, आणि शेवटी पाच जणांतून एकावर बोट ठेवायचं: प्रोफेसर, त्याचा मदतनीस, फोटोग्राफर, स्वयंपाकी आणि खोदकामावरचा एक मजूर. तीनदा चुकलात की खेळ संपला.

"काय व, हे काय पाहून राहिली?" आईनं विचारलं.

"खेळ हाय, माय. मिसरात खोदकाम चालू हाय, तिथं चोरी झाली. चोर कोन ते आपल्याले शोधाचं हाय."

हे बोलून गेल्यावर मी जीभ चावली. पण आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती पलंगावरून सरकत सरकत माझ्या खुर्चीजवळ आली आणि चष्मा लावून बसली.

"खोदून राहिले आन् हात पाह्य त्याईचे," ती थोड्या वेळानं म्हणाली. "एकाच्याबी नखात माती नाही." मग म्हणाली, "चाळणी कुठं हाय?"

मी शोधली. एका तंबूच्या कोपऱ्यात शोभेला टांगली होती.

"तिच्याजवळ बाई नाही?"

"नाही."

"मंग चाळते कोन?"

मी पुढच्या कोड्यावर टिचकी मारली.

चार दुपारी आम्ही दोघी मिसरात राहिलो. इंग्रजीतलं सगळं बोलणं मी तिला आपल्या भाषेत करून सांगायची, त्यामुळे तो सुटाबुटातला प्रोफेसर आमच्या घरात "काहून बे?" असं विचारायला लागला. एका कोड्यात फुटलेला रांजण जुळवायचा होता. मी तुकड्यांवरची नक्षी जुळवत अर्धा तास घालवला. आई म्हणाली, "नक्शी नको पाहू, कडा पाह्य. जाड खापर खालचं रायते, पातळ वरचं." ती बोट दाखवत गेली आणि पाच मिनिटांत रांजण उभा राहिला. मला तिचं कौतुक वाटलं आणि रागही आला. तिला हे इतकं येतं, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळावं, याचा राग.

पाचव्या दिवशी मी निकालाला आले. सगळी बोटं मजुराकडे जात होती. खड्ड्यातून शेवटी वर आला तो. ताटाजवळ अनवाणी पायाचा ठसा, अनवाणी फक्त तोच. आणि त्याच्या तंबूत एक गाठोडं होतं, जे तो कोणाला उघडू देत नव्हता.

"तो नाही," आई म्हणाली.

"पुरावा?" मी वर्गात विचारते त्याच सुरात विचारलं.

"तो नाही, येवढंच."

"येवढंच म्हनून होते का, माय?" असं म्हणून मी मजुराच्या चित्रावर बटण दाबलं.

पडद्यावर मजूर गाठोडं पाठीला मारून वाळूतून चालत निघाला. गाठोडं सुटलं, त्यात लहान मुलीचे दोन झगे निघाले. खाली अक्षरं आली: तुमचा अंदाज चुकला, आणखी दोन संधी आहेत. मी हसले. म्हटलं, "जाऊ दे, आखीन दोनदा चुकता येते."

आईनं वॉकर ओढला आणि आतल्या खोलीत निघून गेली. मला हाक न मारता ती पहिल्यांदाच उठली होती. त्या संध्याकाळी तिनं फेऱ्या मारल्या नाहीत. रात्री पोळी अर्धी टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं तर "गुडघा ठणकते" म्हणाली, आणि मी मूर्ख, शेकायची पिशवी गरम करायला धावले. पिशवी भरता भरता माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्यांदा तेच केलं. आधी मनात, आता तिच्या डोळ्यांदेखत. आणि हसलेसुद्धा.

तरी मी माफी न मागता पिशवी तिच्या हातात दिली.

तिसऱ्या दुपारी ती आपणहून येऊन बसली. "पुन्हा मांड," म्हणाली. "पहिल्यापासून."

मी मांडला. आता ती सांगेल तसं मी करत होते. तिला ना प्रोफेसरची डायरी पाहायची होती, ना पायाचे ठसे. "पहिले मातीचे ढीग दाखव." तंबूंच्या मागे दोन ढीग होते. मी ते इतके दिवस चित्रातली टेकाडं समजत होते. आई पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासानं काच धूसर झाली.

"हा ढीग पिवळ्या खड्ड्याचा हाय," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यावर ही काळी माती काहून आली? काळी त त्या दुसऱ्या खड्ड्यातली हाय."

"मंग काय झालं?"

"ज्या खड्ड्याची माती त्याच ढिगावर टाकाची, हा पहिल्या दिवसाचा कायदा. एखांदी वस्तू नजरेतून सुटली त कोन्या खड्ड्याची हे मंग कळत नाही. घमेलं चुकलं की साहेब बोंबले. मजूर हे चुकनार नाही, तो शिव्या खाऊन शिकला रायते."

"मंग कोन चुकते?"

"ज्यानं जन्मात घमेलं उचललं नाही, तो."

मी त्या काळ्या मातीवर टिचकी मारली. आतून निळ्या भुंग्याचे दोन तुकडे वर आले. मदतनीसाच्या हातून तो फुटला होता. भीतीनं त्यानं तुकडे घमेल्यातल्या मातीत खुपसले आणि ते घमेलं समोर दिसेल त्या ढिगावर नेऊन ओतलं. त्याच्या चित्रावर बटण दाबताच त्यानं रडत रडत सगळं कबूल केलं. मी टाळ्या वाजवल्या. आईनं वाजवल्या नाहीत.

"आमची वस्तू यवढीशी होती," ती म्हणाली आणि करंगळीचं एक पेर दाखवलं.

मातीची बाई होती, म्हणाली. मुंडकं नव्हतं, दोन्ही हात पोटावर. आईच्याच चाळणीत आली. तिनंच फुंकर मारून साफ केली आणि ताटात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत गावातली एक म्हातारी, टोपली वाहणारी, ताटाजवळ आली. तिनं ती मूर्ती पाहिली आणि हात जोडले. टेकडीच्या कडेला निंबाखाली गावदेवीचे शेंदूर लावलेले गोटे होते. म्हातारीनं मूर्ती धुतली, कुंकू लावलं आणि त्या गोट्यांत नेऊन बसवली. गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, जे निघतं ते गावदेवीचं, ते घरी न्यायचं नसतं, तिथंच बसवायचं. हे तिकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. साहेबांना ते माहीत नव्हतं.

"साऱ्या बायाईच्या पिशव्या झाडल्या," आई म्हणाली. "निंबाजवळून तो साहेब रोज जाये. त्याले कुंकू दिसे, मूर्ती नाही दिसे."

"तू काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त म्हातारीले चोर मनले असते. तिनं त देवाले देवाच्या घरी बसवलं. त्याले चोरी कोन मनन?"

"आन् तू, माय?"

"ताट माह्याजवळ होतं." तिनं खांदे उडवले. "आपल्या घरचे देव त छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवाच गेले. मले त्या मूर्तीचं काय कराचं होतं?"

आमच्या घरात देव नाहीत, आणि ही दुसऱ्याच्या देवासाठी, दुसऱ्या बाईच्या अब्रूसाठी चोर होऊन राहिली. लग्नात, सासरी, मावशीच्या मेथीच्या जुडीपर्यंत. मला त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले, पण त्यांतला एक पाय नुकताच कापून शिवलेला होता. अशा बाईच्या पोटी जन्म मिळाला, यासाठी कुणाचे आभार मानतात ते मला माहीत नाही. तो खेळ कोणी, कुठल्या देशात बनवला, तेही माहीत नाही. पण त्यांच्यातल्या कोणीतरी ते दोन ढीग दोन रंगांत रंगवले. त्या माणसाची मी जन्माची ऋणी आहे.

पडद्यावर शेवटचं दृश्य चालू होतं. मजूर परत आला होता, घमेलं घेऊन खड्ड्यात उतरत होता. प्रोफेसर वही मिटत होता.

"त्याले कोनी मनलं का," आईनं विचारलं, "बाबा, आमचं चुकलं?"

मी सगळी बटणं दाबून पाहिली. मजुरावर टिचकी मारली तर तो फक्त मान वळवून बघायचा आणि पुन्हा खोदायला लागायचा.

"नाही, माय. खेळात तसं काई नाही."

"असं," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पदरानं पुसू लागली.

मी लॅपटॉप मिटला. "माय, मले वाटे तूच घेतली."

"माईत हाय मले," ती चष्मा पुसत म्हणाली. "म्हनून त तू कधी विचारलं नाही."

"चुकलं माह्यं."

कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि नुसता पंखा फिरत होता. मग तिनं चष्मा लावला, माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्या म्हातारीचं नाव मला सांगितलं. बापाला नाही, नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. मी ते इथं लिहीत नाही.