नळीतली चिंधी
रॉकेलात धुतलेल्या लोखंडाचा वास आला की तुमच्या आजोबांची जुनी जपानी गाडी आठवते. अण्णा नगरच्या घरी त्यांनी स्वतः तिचं इंजिन काढून दुसरं बसवलं. काम चालू असताना आत धूळ जाऊ नये म्हणून ते हवेच्या नळीत माझ्या जुन्या साडीची चिंधी कोंबून ठेवत. शेवटी इंजिन सुरू केलं, तर ते घरघरून बंद पडलं. बोलावलेल्या मेकॅनिकने नळीतून चिंधी ओढून काढली. “तूच ठेवलीस. मी असलं विसरत नाही,” आजोबा त्याच्यावर ओरडले. तो तर नुकताच आला होता. माझ्याकडे पाहून तो त्यांना हळूच तमिळमध्ये म्हणाला, “आमा सार,” म्हणजे हो साहेब, “माझंच चुकलं.” हल्ली फोनवर आजोबा तुम्हाला ओळखत नाहीत. या विसरण्याची सुरुवात मला तेव्हाच कळली होती, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून वर्षभर मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं नाही.